ळ म्हणताना

धरणाच्या नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर मुख्य अभियंत्यांचा चेहरा आला. "भालके, वरचं धरण फुटलंय. सगळे दरवाजे उघडा, वेळ नाही!" आवाज साहेबांचाच होता. चेहरा तपासणाऱ्या यंत्रानंही हिरवा दिवा दिला.

खाली नदीपात्रात जत्रा भरली होती. उपअभियंता रोहिदास भालके यांचा हात क्षणभर थबकला, मग बटणाकडे गेला. तेवढ्यात हर्षला पिंगळेनं त्यांचं मनगट घट्ट धरलं. ती सायबर सुरक्षेत एम.टेक. करत होती आणि प्रशिक्षणासाठी इथे आली होती. जन्मापासून बहिरी असल्यामुळे ती समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचायची.

"हे साहेब नाहीत," ती अडखळत म्हणाली. "ल म्हणताना जीभ दातांशी दिसते. ळ म्हणताना ती मागे वळते. 'वेळ' म्हणताना यांची जीभ दातांशीच होती. हा चेहरा कुणीतरी बनवलाय, सर."

भालक्यांनी जुन्या तारेच्या फोनवरून साहेबांच्या घरी विचारलं. साहेब तासाभरापासून दातांच्या डॉक्टरकडे होते, तोंड बधिर करून.

दरवाजे बंदच राहिले. भालक्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि तिच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, "हे एम.टेक.ला शिकवतात?"

"नाही सर," हर्षला हसली. "मला ळ म्हणायला चार वर्षं लागली. आई रोज आरशासमोर बसवून स्वतःची जीभ दाखवायची."

भालके उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली.