बांधावरचे अकरा तास

हरिभाऊंची कमला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी आली आणि भाऊबीज करून सासरी गेली, त्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. साल १९५७.

आर्वीजवळच्या त्या लहानशा कॉलेजचा कारभार तिघे पाहत. प्राचार्य बंडोपंत, उपप्राचार्य अच्युतराव आणि हेडक्लार्क हरिभाऊ. दर सोमवारी तिघे बसत. पोरं या बैठकीला पंचायत म्हणत, दोन पंच कमी असले तरी.

त्या सोमवारी पुढ्यात एकच नाव होतं. इंटरच्या वर्गातली धुरपता. आदल्या साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरांतून कॉलेजात आलेली ती पहिली मुलगी. परीक्षेचे फॉर्म शनिवारी नागपूरला जायचे होते आणि तिची हजेरी अकरा तासांनी कमी भरत होती.

"आईचा हात मोडलाय," बंडोपंत म्हणाले. "आईच्या वाट्याची कापसाची वेचणी पोर एकटी ओढते आहे. सोडून कशी येईल?"

"नाव गाळावं लागेल," अच्युतराव म्हणाले. "नियम विद्यापीठाचा आहे, माझ्या घरचा नाही."

बंडोपंतांनी चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवला, काढून पुन्हा पुसला. "हरिभाऊ, हजेरीपट तुमच्याकडेच असतो ना?"

हरिभाऊंना कळलं. अकरा रकाने, अकरा वेळा टाक टेकवायचा. कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी हजेरीपट आपल्याकडे ओढून घेतला. कमलाही मॅट्रिक पास होती. पुढं शिकते म्हणाली, तेव्हा हरिभाऊंनी स्थळ पाहिलं होतं. परवा मोटारीत बसताना तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या कॉलेजात आता मुली किती?" हरिभाऊ चार म्हणाले होते.

"खोटं मी लिहीत नाई, साहेब," ते म्हणाले. "उद्या कोणी म्हणन, पोरगी फुकटात बसली परीक्षेले. तिनं काऊन ऐकून घ्यावं?"

"मग गाळा नाव," अच्युतराव म्हणाले.

"नाव बी नाई गाळत. ज्याची हजेरी कमी, त्याले जादा तास द्याचा अधिकार प्राचार्याले हाय. तो तास कोण्या जागी घ्याचा, हे कुठं लिहेल नाई. पोरगी येत नाई, तं आपण जाऊ."

"वावरात? उद्या बैलं हजेरी देतील, हरिभाऊ!"

"देऊ द्या. बैलाइले फी माफ करू."

बंडोपंत हसले. उठून त्यांनी खुंटीवरची टोपी काढली आणि आजच निघायचं असल्यासारखी डोक्यावर घातली. "उद्या सकाळी किती वाजता, अच्युतराव?"

मंगळवारी तिघे बांधाबांधानं निघाले. अच्युतरावांच्या धोतराला गोखरूचे काटे लागले होते आणि ते कोणाशी बोलत नव्हते. वावरात बाया कापूस वेचत होत्या. तिघांना पाहून धुरपताचे हात थांबले. कमरेच्या ओटीत कापूस भरला होता. तो तसाच धरून ती पुढं आली.

"सर, माह्यं नाव गेलं का?"

"नाही," बंडोपंत म्हणाले. "तू वेच. आम्ही शिकवतो."

ती पुढं सरके तसे बंडोपंत पऱ्हाटीच्या ओळीच्या कडेनं सरकत आणि इतिहास सांगत. बाकीच्या बायांचं बोलणं हळूहळू बंद झालं. दुसरा तास अच्युतरावांचा, अर्थशास्त्राचा. पुरवठा वाढला की भाव का उतरतो, हे त्यांनी पुस्तक उघडून समजावलं. मग धुरपताला विचारलं, "कळलं?"

उत्तर बांधावरून आलं. तिथं धुरपताची आई, तानाबाई, मोडका हात गळ्यात बांधून बसली होती.

"यात कळाचं काय हाय, मास्तर? कापूस घरात आला का भाव पडते, अन् आमच्या हातून गेला का चढते. याले पुस्तक कायले पाह्यजे?"

बाया खदखदून हसल्या. अच्युतरावांनी पुस्तकाकडे पाहिलं, तानाबाईकडे पाहिलं. "पुस्तकात हे सात पानांत आहे," ते म्हणाले आणि पुस्तक मिटून स्वतःही हसले.

तिसरा तासही झाला. हरिभाऊंनी बांधावर बसून हजेरीपट उघडला.

"धुरपता."

"हजर, सर."

त्यांनी तीन तासांची हजेरी मांडली. शाई वाळायची वाट पाहत होते, तेवढ्यात तानाबाई जवळ सरकली.

"बाबूसाहेब, माह्यं नाव काऊन नाई घेत? मी बी तं सकाळपासून ऐकूनच राह्यली ना."

बाया पुन्हा हसल्या. धुरपता लाजून म्हणाली, "माय, चूप ना वं!"

हरिभाऊ हसले नाहीत. सोमवारी त्यांनी जे लिहायला नकार दिला होता, ते खोटं होतं. हे खरं होतं. त्यांनी हजेरीपटाचं अगदी शेवटचं कोरं पान काढलं, त्यावर रेघा मारल्या आणि ठळक अक्षरात नाव घातलं.

"तानाबाई," त्यांनी पुकारलं.

तानाबाई चांगल्या हातानं डोक्यावरचा पदर नीट करत उभी राहिली. "हजर."

शुक्रवारपर्यंत अकरा तास भरले. शेवटच्या दिवशी अच्युतराव सगळ्यांच्या आधी बांधावर येऊन उभे होते, पुस्तकाशिवाय. शनिवारी फॉर्म नागपूरला गेला. पुढच्या जूनमध्ये निकाल लागला, धुरपता पास झाली. पेढे घेऊन आली, तेव्हा हरिभाऊंनी त्यांतला एक कागदात बांधून कमलासाठी ठेवला.

तो हजेरीपट कॉलेजच्या कपाटात अजून आहे. शेवटच्या पानावर एकच नाव आहे आणि त्यापुढं अकरा हजऱ्या. तानाबाई १९५९ च्या जानेवारीत, वेचणीच्या दिवसांत वारली. धुरपता तेव्हा बी.ए.च्या वर्गात होती.