नदीपलीकडचं हॉस्पिटल

अँब्युलन्समधून उतरल्याबरोबर मावशीने कॅप्टनचे दंड चाचपायला सुरुवात केली.

"कुठे लागलंय? दाखव. लपवू नकोस, ढब्बू."

तोफेजवळच्या जवानांनी हसू दाबत माना खाली घातल्या. कॅप्टनच्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता. त्याने गोंधळून कर्नलकडे पाहिलं.

मावशी नन होती. आई गेल्यावर तो तिच्याच मिशनच्या वसतिगृहात वाढला. अक्षरं, प्रार्थना, दहा आज्ञा, सगळं तिच्याकडूनच शिकला. पुढे ती नदीपलीकडच्या हॉस्पिटलात गेली. आता नदीपलीकडे शत्रू होता. हॉस्पिटलच्या गच्चीवर त्याने मशीनगन चढवली होती आणि पुलाजवळची आपली माणसं टिपली जात होती. गच्ची उडवायचा हुकूम आला, तेव्हा कॅप्टन पहिल्यांदाच नाही म्हणाला. "तिथे माझी मावशी आहे, सर."

कर्नलचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. त्याने त्याला अटक केली नाही. जखमींना उचलण्यासाठी दोन्हीकडचा गोळीबार थोडा वेळ थांबला होता. तेवढ्यात कर्नलने पलीकडे निरोप धाडला, भाच्याला लागलंय, लगेच या.

"थाप मारली, सिस्टर. माफ करा," कर्नल म्हणाला. "तुम्ही तिथे असताना हा तोफ डागेना. आता तुम्ही सुखरूप आहात. चला, आत चहा घ्या."

मावशीने तोफेच्या तोंडाकडे पाहिलं. मग ते तोंड जिकडे होतं तिकडे पाहिलं.

"गच्चीखाली बाळंतिणींचा वॉर्ड आहे."

"मशीनगन त्यांनी ठेवलीय, आम्ही नाही."

"हो, आणि ते त्यांचं पापच आहे. मी जिन्यात आडवी उभी राहिले होते, मला ढकलून ती वर नेली. पण त्यांनी पाप केलं म्हणून आपल्याला मुभा मिळत नाही, साहेब. त्या बायकांनी काय केलंय?"

मावशी भाच्याकडे वळली. आवाजात राग नव्हता.

"माझ्या एकटीसाठी थांबला होतास होय रे?"

कॅप्टनने बुटांकडे पाहिलं. तिला उतरताना पाहून त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याचीच आता त्याला लाज वाटली.

मावशीने त्याची कॉलर सारखी केली, गालावरून हात फिरवला. "मग मी जाते परत. मी तिथे असेपर्यंत तरी थांबशील."

मलमपट्टीची पिशवी उचलून तिने अँब्युलन्सच्या पायरीवर पाय ठेवला.

"अडव तिला!" कर्नल ओरडला. "गोळीबार कधीही सुरू होईल!"

कॅप्टन धावला. त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली, तिला धरून खाली उतरवलं. मग खांद्यावरचे तारे सोडवले आणि कर्नलच्या हातात ठेवले. जवानही एकेक करत तोफ सोडून मागे सरकले.

"तू बस, मावशी," तो म्हणाला. "आता मी तुझ्या एकटीसाठी थांबत नाहीये."