चंचलला हवंय काय

कापड मार्केटमधल्या दुकानांच्या साड्या नेसून रील करता करता चंचलचे चाळीस हजार फॉलोअर झाले, तरी ती रोज संध्याकाळी डिंडोली वस्तीतल्या धनश्रीच्या एका खोलीच्या घरात येऊन बसते, हे काही धनश्रीच्या पचनी पडेना. एवढी प्रसिद्ध मुलगी अकरावीतल्या जुन्या मैत्रिणीकडे उगाच येत नसते. व्हिडिओत मागे गरिबाचं घर दाखवायचं असेल, म्हणून धनश्रीने आधी पलंगावर चांगली चादर घातली. चंचलने पिशवीतून फोन काढलाच नाही. त्यामुळे तर संशय जास्तच बळावला.

शेवटी धनश्रीने विचारलंच, "खरं सांग, तुला माझ्याकडून हवंय काय?"

"तुझ्याकडून? काहीच नाही."

तेवढ्यात साड्यांच्या गठ्ठ्यापाशी सुटे धागे कापत बसलेली धनश्रीची आई खेकसली, "नुसती काय बठनी वं चंचल? कात्री ले, धागा काप."

चंचल लगेच मांडी घालून बसली आणि तिने पहिली साडी पुढ्यात ओढली.

"हे हवंय," ती हळूच म्हणाली. "माझी आई हल्ली रागवायच्या आधी विचारते, कॅमेरा चालू आहे का."