लाल ठिपके

"तासाभरानं या आजी, बघून ठेवतो," दुरुस्तीवाला म्हणाला.

"मी इथेच बसते."

आजींनी स्टूल ओढलं आणि त्या टेबलाला इतक्या खेटून बसल्या की त्याचं कोपर त्यांच्या पर्सला लागलं. पर्स त्यांनी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

"काय होतंय नेमकं?" संगणकाच्या कडेचा पत्रा काढत त्यानं विचारलं.

"बटण दाबलं की आतला पंखा जरासा फिरतो आणि थांबतो. तीन दिवस झाले. ह्यांची वाचा गेलीय, उजवा हातही. कागदावर डाव्या हातानं लिहितात ते कुणाला लागत नाही. यावर एका बोटानं मोठ्या अक्षरात लिहितात, तेवढंच. तीन दिवस घरात शब्द नाही." मग थांबून म्हणाल्या, "आणि यातली एकही वस्तू माझ्या डोळ्यांसमोरून हलायची नाही."

"बिघडलेली काढावी तर लागेल."

"दाखवून काढा."

त्यानं बटण दाबलं. पंखा हललासुद्धा नाही.

"फिरतो म्हणालात ना?"

"घरी फिरत होता. तुमच्या टेबलावर आल्यावर थांबला."

मदरबोर्डवर जागोजागी बारीक लाल ठिपके होते. कारखान्यात तपासणीच्या खुणा करतात तसल्या असतील, म्हणून त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. आजींनी मात्र ते नजरेनं एकेक करून पाहून घेतले.

बोर्डाला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचा रुंद प्लग त्यानं बोर्डातून उपसला. हिरव्या आणि काळ्या वायरीच्या भोकांत तारेचा तुकडा घालून सप्लाय एकटाच चालू करून पाहिला. काही नाही.

"सप्लाय गेला."

"गेला कसा?" आजी जागच्या उठल्या. "काल संध्याकाळपर्यंत पंखा फिरत होता, सांगतेय ना."

त्यानं फळीवरचा दुसरा सप्लाय काढून लावला. पंखा जरासा फिरला आणि थांबला.

"हे बघा. अस्संच होत होतं," आजी म्हणाल्या. आपलं खरं ठरल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आलं, आणि पाठोपाठ निराळीच शंका. "म्हणजे घरून एक दुखणं आणलं, इथे दोन झाली."

त्याचे कान लाल झाले. मान खाली घालून तो बोर्ड न्याहाळू लागला. इवल्या डबीसारखे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. ते त्यानं आजींना बोटानं दाखवले, डाख वितळवून काढले आणि नवे बसवले. पंखा फिरू लागला तो फिरतच राहिला.

"बोर्ड झाला. आता सप्लाय तेवढा नवा घाला."

"मी आणलाय तोच घरी जाईल."

"आजी, मी इथे तुम्हाला फसवायला बसलोय का?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

म्हटलं नव्हतं. पण स्टूल आणखी पुढे सरकलं होतं.

तो चिडून जुना सप्लाय बाजूला सारणार होता, तेवढ्यात थांबला. त्यानं मीटर घेतला आणि प्लगमधल्या जांभळ्या वायरीला टोक टेकवलं. बरोबर पाच व्होल्ट. म्हणजे सप्लाय जिवंत होता, त्याला फक्त चालू होण्याचा निरोप पोहोचत नव्हता. तो निरोप हिरव्या वायरीतून जातो. त्यानं प्लग दिव्याखाली धरला, डोळ्याला भिंग लावलं. हिरव्या वायरीच्या भोकात, आतल्या धातूवर, लालभडक काहीतरी वाळून बसलं होतं. त्यानं सुईनं खरवडून वास घेतला.

"आजी, हे नेलपॉलिश आहे."

आजी आपल्या बिनरंगाच्या नखांकडे बघत राहिल्या.

"नातीची बाटली होती," त्या म्हणाल्या. "काल रात्री खुणा केल्या. दुरुस्तीला टाकलं की आतलं चांगलं काढून घेतात, सगळेच सांगतात."

"तो प्लग काढून त्याच्या तोंडात?"

"ह्यांच्या पलंगाशेजारीच उघडलं होतं. ते सारखे डावा हात हलवत होते." त्यांचा आवाज उतरला. "मला वाटलं, इथेपण दे म्हणताहेत."

दुरुस्तीवाला हसला नाही. त्यानं थिनरमध्ये सुई बुडवून भोक साफ केलं, फुंकर मारली आणि जुनाच सप्लाय पुन्हा जोडला. पंखा फिरला. थोड्या वेळानं पडदा उजळला आणि मशीननं विचारलं, तीन दिवसांपूर्वी अर्धवट राहिलेला मजकूर ठेवायचा की पुसायचा?

वर पानभर मोठमोठी अक्षरं उमटली होती. आजी स्वयंपाकघरात होत्या तेव्हा लिहिलेली असावीत.

'सकाळी कामाला येणाऱ्या बाईची पिशवी तपासत जाऊ नकोस. तिला कळतं.'

त्यानं वाचलं असावं. तो पाठ फिरवून तारा गुंडाळू लागला.

"ठेवू की पुसू?"

"ठेवा."

काढलेले दोन्ही कपॅसिटर त्यानं कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्यासमोर ठेवले. दोन्हींच्या डोक्यावर लाल ठिपका होता. "तासभर चालू ठेवून बघायला हवं. मध्येच बंद पडायला नको. तुम्ही बसा हवं तर."

आजींनी पुडीला हात लावला नाही. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दुकानाची पायरी उतरल्या.

"आजी, पर्स राहिली तुमची," त्यानं मागून हाक मारली.

"असू दे तिथेच," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तासाभरानं येतेच आहे."