खणातला दुसरा सोल

चौथ्या डोंगराच्या चढावर बाबा पुन्हा मागे पडले. थोरली दगडावर टेकली आणि बुटाची नाडी सोडून उगाच पुन्हा बांधू लागली. थांबायला काहीतरी निमित्त हवं होतं. "दमलात का?" असं विचारलं की बाबांचा पारा चढायचा.

पाच दिवस, पाच डोंगर. धाकट्या भावाच्या, बारक्याच्या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांसाठी ती हे चढत होती. आजार लाखांत एखाद्याला होणारा, त्यामुळे त्यावर औषध शोधायला कुणाला सवड नव्हती. ओळखीपाळखीच्यांनी दर डोंगरामागे देणगी कबूल केली होती. पाचही झाले तरच औषधाची चाचणी सुरू होणार होती.

बारक्या वर्षभर अंथरुणाला खिळून होता. त्याचं दुखणं डॉक्टरांच्याही आधी बाबांनी ओळखलं होतं, तेही स्वतःच्या बूट दुरुस्तीच्या दुकानात. दर रविवारी ते घरातल्या सगळ्यांचे बूट घेऊन बसत. माणूस खोटं बोलतो, त्याचा सोल नाही, असं त्यांचं म्हणणं. एका रविवारी बारक्याच्या डाव्या बुटाचा सोल टोकाशी खरवडलेला निघाला. पाऊल पुरतं उचललं जात नव्हतं. बाबांनी पुढचा अर्धा सोल कापून नवा लावला आणि जुना खणात ठेवून दिला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, आजार रक्तातला आहे, घरात आणखी कुणालाही होऊ शकतो. तेव्हापासून घरात कुणी कुणाच्या पायांकडे उघड बघत नसे.

निघायच्या आदल्या दिवशी दुकानात कात्री शोधताना थोरलीने तो खण उघडला. आत दोन अर्धे सोल होते. दुसरा नुकताच काढलेला, डावाच, आणि टोकाशी तसाच खरवडलेला.

जन्मात कधी डोंगर न चढलेले बाबा अचानक "मी पण येतो" का म्हणाले, हे तिला तेव्हा उमगलं. पाय चालताहेत तोवर त्यांना लेकरासाठी चालून घ्यायचं होतं. तिला रडू आवरेना. पण घरी गेल्यावर ती चकार शब्द बोलली नाही. आधीच आईचं अख्खं वर्ष बारक्याच्या उशाशी गेलं होतं.

वाटेत ती बाबांना फुलासारखं जपत होती. ते मात्र पुढे चालायला काही तयार होईनात. तू हो पुढे, मी येतो मागून, हेच पालुपद. थांबलं की तिच्याच पाठीवरची पिशवी काढून घ्यायचे. तिसऱ्या डोंगरावर ठेच तिला लागली आणि डोळ्यांत पाणी त्यांच्या आलं. वय झालं की माणूस हळवा होतो, असं तिने मनाशी म्हटलं आणि चाल आणखी कमी केली.

पाचव्या डोंगराचा माथा त्यांनी भर दुपारी गाठला. वर वारा होता आणि दोघांशिवाय कुणी नव्हतं. तिने घरी फोन लावला. बारक्याला नीट बोलता येत नव्हतं, पण तो हसला ते ऐकू आलं. फोन ठेवल्यावर मात्र तिला राहवेना.

"बाबा, खणातला दुसरा सोल मी पाहिलाय."

बाबांचा चेहरा उतरला. "कधी?"

"निघायच्या आधीच."

"आणि तरी पाच डोंगर चढलीस?"

"तुम्ही चढलात की. आता घरी गेल्यावर आधी डॉक्टरांकडे जायचं. आपण दोघं जाऊ."

बाबांनी मान हलवली. ते तिच्या शेजारी बसले आणि लहानपणी धरायचे तसा त्यांनी तिचा हात धरला.

"आईला मी अजून सांगितलं नाही," ते म्हणाले. "वाटलं, माझीच नजर चुकली असेल. म्हणून पाच दिवस मागून चाललो, तुझं डावं पाऊल बघत."