लागलं का रे?

"हे वाक्यही काढून टाक," केस्तुतिस म्हणाला.

ऊर्मिला स्टेजच्या मधोमध उभी होती. कोलोनच्या या थिएटरात तालमी सुरू झाल्यापासून केस्तुतिस या लिथुआनियन दिग्दर्शकानं तिची वाक्यं एकेक करून उडवली होती. युद्धावरून न परतलेल्या मुलाची आई, ही तिची भूमिका. 'तो येणार नाही' एवढंच बोलायचं उरलं होतं. आता तेही गेलं.

थिएटरात सगळेच एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू', म्हणत. तिनं मुद्दाम परक्यांसाठीचं 'झी', म्हणजे 'तुम्ही', वापरलं. "तुम्हाला माझं जर्मन खटकतं का?"

"तुझं जर्मन उत्तम आहे. तेच खटकतं." तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "तू बोलत नाहीस, परीक्षा देतेस."

विंगेत कुणीतरी फिसकन हसलं. ऊर्मिलाचे कान तापले.

त्यानं खूण केली तशी त्याची असिस्टंट लेना बर्फाचा ठोकळा घेऊन आली. तान्ह्या मुलाएवढा. लेनाच्या हातात जाड हातमोजे होते.

"हा कुशीत धर. बाकी काही करू नकोस. शब्द खोटं बोलतात, चेहरा खोटं बोलतो. गारठलेल्या हातांना ते जमत नाही."

"मला हातमोजे?"

"आईला कसले हातमोजे?"

सकाळीच तिचा नवरा उत्कर्ष म्हणाला होता, "अगं, रोज कशाला अपमान करून घेतेस? सोड ना सरळ." सोडायचं असतं तरी तिनं या माणसाच्या डोळ्यांदेखत सोडलं नसतं. तिनं ठोकळा घेतला आणि छातीशी धरला.

आधी बोटांत सुया टोचल्यासारखं झालं. मग कळ कोपरापर्यंत चढली. ब्लाउज भिजला, पाणी पोटावरून ओघळू लागलं. ती एकटक त्याच्याकडे बघत राहिली. तोही बघत राहिला.

"बास आता, केस्तुतिस," लेना म्हणाली. "तिचे हात बघ."

"ती खाली ठेवेल तेव्हा संपेल."

ठेवते का बघ, ऊर्मिला मनात म्हणाली. आधी तू 'थांब' म्हण. तिनं दात आवळले, ठोकळा आणखी घट्ट धरला. बोटं आपली राहिली नव्हती. ठोकळा कधी सरकला, तिला कळलंच नाही.

फाडकन आवाज झाला. बर्फ स्टेजभर उडाला.

ती गुडघ्यांवर आली होती. लाल, सुजल्या हातांनी तुकडे ओढून घेत होती, अंगावरच्या जॅकेटखाली झाकत होती. "लागलं का रे? बघू. कुठे लागलं, सोन्या? लागलं का?"

स्वतःचंच मराठी तिच्या कानावर आलं, तशी ती थांबली.

केस्तुतिस पहिल्यांदाच उठून स्टेजवर आला. तिच्यासमोर उकिडवा बसला. "काय म्हणालीस ते विचारणार नाही. पण हे ठेवायचं. रोज."

"ते तुमच्यासाठी नव्हतं."

"माहीत आहे. म्हणूनच ठेवायचं."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. मुठी वळेनात, इतकी बोटं बधिर झाली होती.

"पुन्हा," तो उठत म्हणाला.

लेनानं विंगेतला मोठा फ्रीझर उघडला. आतून पांढरी वाफ बाहेर आली. ती विरली तेव्हा ऊर्मिलाला दिसलं: आत तसलेच ठोकळे होते, एकावर एक, खच्चून भरलेले. सगळ्या प्रयोगांना पुरतील एवढे.

ती ताठ उभी राहिली. हात पुढे केले.

"आता पडू देणार नाही," ती म्हणाली. मराठीतच.

केस्तुतिस अंधारात खुर्चीकडे परतत होता. त्याला अर्थ लागायचं काही कारण नव्हतं. तरी तो वळला आणि तिचे पुढे केलेले हात बघून म्हणाला, "तेच तर लोक बघायला येणार आहेत."