एकोणीस पानं

भाचीने एंटर दाबलं आणि पानं धावू लागली. एकोणीसशे पानं, सहा मिनिटांत. मामा चष्मा कपाळावर सरकवून तिच्या खांद्यावरून बघत राहिले. तेवढ्याच पानांना त्यांना चौदा महिने लागले होते.

"झालंसुद्धा?"

"झालं. पण खऱ्या पानांवर नाही. तुम्ही बदलायच्या आधीच्या प्रतींवर."

पतंगांच्या एका मोठ्या गटाचं शास्त्रीय नाव बदललं होतं. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं अशा एका ज्ञानकोशात जुनं नाव तीन हजार चारशे पानांवर ठाण मांडून बसलेलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तयार करण्यात मामांची उभी नोकरी गेली होती; निवृत्तीनंतर जेवणाच्या टेबलाशी बसून ते एकेक पान हाताने बदलत होते. भाची प्राणिशास्त्राची पदवीधर. तिने हे काम आपोआप करणारी तीन संगणकी अवजारं शोधून आणली आणि परीक्षेला मामांचीच पानं घेतली. अवजाराचं काम मामांच्या कामाशी जुळलं, तर उरलेली दीड हजार पानं त्याच्याकडे.

"म्हणजे हे पास झालं की मी घरी," मामा म्हणाले. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"घरीच तर आहात," मामी आतून म्हणाल्या. "पास करून टाक गं त्याला. वर्ष झालं, हे टेबल धड पुसता आलेलं नाही मला."

पहिल्या अवजाराला तिने गुणच दिले नव्हते. ते बदल सुचवून प्रत्येक पानापाशी थांबायचं आणि विचारायचं, करू का? दुसरं सरळ शोधायचं आणि बदलायचं. ते दोनशे बारा पानांवर चुकलं. तिसऱ्याचे नियम तिने स्वतः लिहिले होते: अवतरणं सोड, पुस्तकांची नावं सोड. त्याचं आणि मामांचं फक्त एकोणीस पानांवर जुळत नव्हतं.

"एकोणीसशेत एकोणीस!" ती म्हणाली. "आणि यातल्या निम्म्या तरी चुका तुमच्या निघणार बघा."

"निघतील की. माणूस आहे."

पहिल्या दोन निघाल्याच. पानाच्या तळाशी मामांच्या नजरेतून जुनं नाव निसटलं होतं. तिला आनंद झाला, आणि तो लपवताही आला नाही. मामांनी खाली मान घालून दोन्ही पानं वहीत टिपून घेतली.

तिसऱ्या पानावर एका संग्रहालयातल्या पतंगाखालच्या चिठ्ठीचा फोटो होता. चिठ्ठीवर शाईने जुनं नाव लिहिलेलं. म्हणून मामांनी फोटोखालच्या ओळीतही ते तसंच ठेवलं होतं. अवजाराने बदललं होतं. चौथ्यावर कुणा संग्राहकाचं पत्र, अवतरणचिन्हांशिवाय उतरवलेलं. तिथेही मामा बरोबर. पाचव्यावर, सहाव्यावर, सगळीकडेच.

एकोणिसाव्या पानावर मात्र ना चिठ्ठी होती, ना पत्र. साधं पान, वर पतंगाचा फोटो. मामांनी नाव बदललंच नव्हतं.

"हे राहिलं तुमचं."

"राहिलं नाही, ठेवलं. चर्चेच्या पानावर लिहिलंय बघ."

तिने उघडलं. 'हा पतंग या गटातला वाटत नाही. मागच्या पंखात एक शीर जास्त दिसते. जाणकारांनी पाहावं. तोवर नाव बदललेलं नाही.' खाली तारीख, दहा महिन्यांपूर्वीची. त्याखाली काही नाही.

"कुणीच उत्तर दिलं नाही?"

"कामात असतील लोक."

तिने फोटो मोठा केला. हाच फोटो तिने पदवीच्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लावला होता. अजून मोठा केला. राखाडी पंख पडदाभर पसरला आणि त्यातून शिरा वर आल्या, काचेला गेलेल्या तड्यांसारख्या बारीक. तिने मोजल्या. शेजारी दुसऱ्या पानावरचा पंख उघडला, त्याच्याही मोजल्या. मग पुन्हा पहिल्याच्या, पेनाचं टोक पडद्याला लावून.

एक जास्त होती.

"मामा, हे दिसलं कसं तुम्हाला?"

"म्हणजे? नाव बदलायचं, तर आधी कोणाचं बदलतोय ते बघायला नको?"

"प्रत्येक पानावर? एकोणीसशे वेळा?"

"मग?" मामांना प्रश्नच कळला नव्हता.

आतून भांडी लावल्याचा आवाज येत होता. ती बराच वेळ त्या एका शिरेकडे बघत राहिली.

"बरं, निकाल काय?" मामांनी विचारलं. आवाज हलका ठेवला होता. हातातली वही मात्र मिटली होती.

तिने स्वतःचं अवजार बंद केलं. पहिलं, थांबून विचारणारं उघडलं, उरलेल्या दीड हजार पानांची यादी त्याला दिली आणि लॅपटॉप मामांकडे वळवला. पहिलं पान आलं. जुनं नाव खोडून नवं नाव हिरव्या रंगात तयार होतं, एका बोटाची वाट बघत.

मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. हिरव्या ओळीकडे त्यांनी पाहिलंही नाही. पान वर सरकवलं, फोटो मोठा केला, आणि पडद्याच्या इतके जवळ वाकले की श्वासाने काचेवर वाफ धरली.